मुलाखतीची विद्या

सदाशिवराव शोधक माहितीपट निर्माण करीत आणि सवडीने इच्छुकांस मुलाखतीची विद्याही शिकवीत. "प्रश्न विचारून स्वस्थ राहावे. मौन न सोसल्याने समोरचा स्वतःच सत्य सांगतो," हे त्यांचे आवडते सूत्र.

डॉक्टरांनी उभयतां पतिपत्नींचे गोड बंद केले होते. प्रथम जो पथ्य मोडेल त्याने वर्षभर कारल्याचा रस प्यावा, असे घरात ठरले होते.

एके सायंकाळी सदाशिवराव शहागंजच्या बाजारातून परतले. पत्नी दमयंतीबाईंनी दार उघडून "हं?" इतकेच विचारले आणि त्या एकटक पाहत राहिल्या.

"अगं, एकच जिलेबी खाल्ली... बरं, पावशेर! वर रबडीबी घेतली. आता तरी बोल की!"

दमयंतीबाईंनी कारल्यांच्या टोपलीकडे बोट दाखविले.


मुखातील पेढा विरघळेपर्यंत बोलणे बाईंना शक्यच नव्हते.