जेवलो

पुण्यात नोकरी करणाऱ्या ऋषिराजनं ट्रॅक्टरच्या गेममध्ये अंथुर्ण्यातलं आपलं शेत हुबेहूब उभं केलं आणि गावी एकट्या राहणाऱ्या आबांना खेळायला शिकवलं. बापलेक रोज त्या शेतात ट्रॅक्टर चालवायचे. बोलणं चॅटवर. आबांचा मेसेज ठरलेला असायचा, "जेवलो. तू?"

पुढं ऋषिराजला वेळ मिळेना. त्यानं गेममध्ये चार ओळींची स्क्रिप्ट टाकली. आबांच्या मेसेजमध्ये कुठंही 'जेवलो' हा शब्द सापडला, की त्याच्या नावानं आपोआप उत्तर जायचं.

सहा महिन्यांनी गेम अपडेट करायला बसला, तेव्हा त्यानं आबांचे मधल्या काळातले मेसेज पहिल्यांदा वाचले.

"आडसाली ऊस तुटून गेला. जेवलो."

"गाय व्याली, कालवड झाली. जेवलो."

"गुडघा लई दुखतोय, खाली बसवत न्हाय. जेवलो."

शेवटचा मेसेज आजच दुपारचा होता.

"आज सैपाकच केला न्हाय. पर जेवलो लिवल्याबिगर तू बोलत न्हाईस."

त्याखाली ऋषिराजचं उत्तर कधीच गेलेलं होतं.

"मी पण जेवलो, आबा."