टोकनावरचं नाव

खाणीबाहेरच्या दगडावरची बेचाळीस नावं तिसऱ्यांदा वाचून मी थकून तिथेच बसले. आजोबांचं, कवडू आत्रामांचं नाव नव्हतंच. ते इथल्या स्फोटात गेले, असं आजी जन्मभर सांगायची. ऑफिसातल्या हजेरीत मात्र त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

शेजारी एक म्हातारी ‘लटारू निमसरकार’ या नावापाशी झेंडूची फुलं ठेवत होती.

“तुमचे कोण?” मी विचारलं.

“बाप माझा. तो पुढं घरीच मेला. त्या दिवशी त्याला ताप होता, म्हणून त्याचं टोकन घेऊन कवडू खाली उतरला. टोकनावरूनच मेलेल्यांची नावं लागली. बाप भीतीनं गप्प राहिला.” ती गुडघे धरून उठली. “कवडूचं कोणी येत नाही, म्हणून मी येते.”

“आज आलंय, मावशी,” म्हणत मी फुलासाठी हात पुढे केला.