बटणांचे टायर

“काका, बाईक डोंगरात न्यायची तर मागे हा जाड बटणांचा टायर घ्या,” दुकानदार म्हणाला. “जुनी, रस्त्यावरची गाडी आहे. पुढचा मात्र कंपनीच्या मापातच राहू दे.”

भास्कररावांनी बटणांवरून बोट फिरवलं. पठारावर जायला मुलगा वर्षभर असेच टायर मागत होता. “रस्त्याची गाडी रस्त्यावरच चालव,” ते दर वेळी खेकसायचे. शेवटी तो झिजलेल्या टायरांवरच निघाला. गाडी चिखलात सापडली, तो दरीत.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. बहिणीचं लग्न करू, आईला सांभाळू, सगळी वचनं देऊन झाली. मग भास्करराव पुटपुटले, “टायर बसवतो रे. पठारावर नेतो तुझी गाडी.” तसा कावळा पिंडावर उतरला.

“चालवणार मुलगाच ना?” दुकानदारानं विचारलं.

“मीच,” भास्करराव म्हणाले. “कालपासून शिकतोय.”