शेपटीचे चार केस

पेनीने पुन्हा मान आभाळाकडे झटकली आणि लूमिसने पुन्हा लगामाच्या वाद्या खेचल्या. दोघांपैकी एकाच्या तोंडातून रक्त येत होतं. दुसऱ्याच्या तोंडातून शिव्या.

"ताठ मानेची आहे," लूमिस म्हणाला.

व्हर्ना टकेट कुंपणाच्या फळीला टेकून बघत होती. वय एकसष्ट. त्यातली चाळीस वर्षं तिने नेवाडातल्या या एकाच रँचवर घोडे तयार करण्यात घालवली होती. ब्रॅडन लूमिसला इथे मॅनेजर होऊन चाळीस दिवस झाले होते. त्यामुळे घोड्यांतलं साहजिकच त्याला जास्त कळत होतं.

"साहेब, तिच्या तोंडातलं ते लोखंडी कडियाळं काढा," ती म्हणाली. "घोडी चार वर्षांची आहे. अजून बोसालात आहे ती."

बोसाल म्हणजे कच्च्या चामड्याचं विणलेलं कडं. ते नाकावर बसतं, तोंडात काही जात नाही. घोडा आधी त्यावर शिकतो. मग एखादं वर्ष कडियाळं तोंडात नुसतं ठेवायचं आणि काम मात्र बारीक बोसालावरच घ्यायचं. घोडा ते जिभेवर खेळवतो, तोलतो, त्याची ओळख करून घेतो. त्यानंतर कुठे बोसाल उतरवायचं. पाच वर्षं जातात. लूमिसच्या कडियाळ्यावर चांदीची वेलबुट्टी होती आणि मधोमध थेट टाळूपर्यंत जाणारी चमच्याएवढी पट्टी. असलं कडियाळं ओढायचं नसतंच. करंगळी हलली तरी घोड्याला कळावं, एवढ्यासाठी ते असतं.

व्हर्नाने हे सगळं सांगितलं. लूमिसने ऐकण्याची तसदी घेतली, ती हसण्यापुरती.

"पाच वर्षांत माणूस डॉक्टर होतो, व्हर्नाबाई."

"होतो ना. मग त्याच्या हातात सुरी देतात. आधी नाही."

लूमिसचं हसू मावळलं. "तीन आठवड्यांनी काउंटीची जत्रा आहे. पेनी याच कडियाळ्यात उतरणार. तयार करा. जमत नसेल तर खोली रिकामी करा."

त्या खोलीखेरीज व्हर्नाला घर नव्हतं. ती "बरं" म्हणाली.

तिने पेनीचं तोंड मिठाच्या पाण्याने धुतलं आणि तीन आठवडे तिला बोसालावरच वासरांमागे फिरवलं. घोडीच्या रक्तातच गुरं होती. वासराने कान हलवला की ही आधीच वळलेली असे. लूमिस मधूनमधून चौकशी करायचा. एरवी तो नव्या हॅटला आकार देण्यात गुंतलेला असायचा.

जत्रेच्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने चांदीचं कडियाळं चढवलं. फाटकाशी व्हर्ना पुढे झाली.

"थांबा साहेब, हनुवटीखालची साखळी सैल दिसतेय."

वाद्या कडियाळ्याला जोडणारे चामड्याचे बंद तिने दोन्ही बाजूंनी सोडले आणि त्यांच्या जागी घोड्याच्या शेपटीचे चार-चार केस बांधले. तो खेचणार, केस तुटणार, सगळी काउंटी हसणार, आणि उद्या आपण आपली वळकटी पिकअपमध्ये टाकणार, हे तिला माहीत होतं. निदान आज पेनीचं तोंड तरी वाचेल.

मैदानात एक बैल सोडला. त्याला एका टोकाला अडवून धरायचं होतं. बैल डावीकडे उसळला, लूमिसने सवयीने दोन्ही हातांनी हिसका दिला आणि वाद्या त्याच्या मांडीवर येऊन पडल्या.

पेनी क्षणभर थबकली. ती कळ येण्याची वाट बघत होती. कळ आली नाही. मग तिने मान खाली घेतली आणि बैलाच्या डोळ्याला डोळा भिडवला. तो डावीकडे गेला की ही डावीकडे, तो उजवीकडे गेला की ही उजवीकडे. लूमिसने खोगिराची मूठ दोन्ही हातांनी कवटाळली होती. शेवटी बैलच कंटाळून उभा राहिला.

ऐंशी वर्षांचे पंच ॲल्विन ऑस्टर काठी टेकत मैदानात आले. त्यांनी कडियाळ्यावर लोंबणारे केस चाचपले आणि हॅट काढली.

"केसांवर बांधलेल्या वाद्या! केस न तुटता घोडा फिरवायचा, ही कसोटी पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. आणि तू तर ते तोडून, वाद्यांविनाच करून दाखवलंस?"

लूमिसने घाम पुसला. "जुनी पद्धत आहे. आपण तीच मानतो."

पेनीच्या तोंडचा लगाम सुटला होता. लूमिसच्या तोंडाला तो कधी नव्हताच. बक्षिसाचं चांदीचं बक्कल पट्ट्याला लावून तो दिवे लागेपर्यंत लोकांना जुनी पद्धत समजावत राहिला.

सकाळी व्हर्ना पिकअपमध्ये वळकटी टाकत होती, तेव्हा तो आला. हॅट हातात होती.

"ते तुम्ही केलंत."

"हो."

"लोकांना वाटलं, मी केलं."

"ऐकलं मी. तुम्हीच सांगत होतात."

लूमिसने मान खाली घातली. "पुढच्या वर्षी ऑस्टरनी पुन्हा बोलावलंय. म्हणतात, परत केसांवर दाखव. या वेळी न तोडता."

"नाही म्हणा."

"हो म्हणून बसलोय." पुढचं बोलताना त्याचा आवाज बदलला. "काल मी काहीच करत नव्हतो, व्हर्ना. आणि ती माझ्याखाली अशी... असा घोडा मला जन्मात मिळाला नव्हता. शिकवाल? आजच सुरू करू. पेनीला आणतो."

व्हर्नाने त्याच्या हातांकडे पाहिलं. नव्या हॅटचा त्याने मुठीत आवळून पार चोळामोळा केला होता. तिने वळकटी पिकअपमधून बाहेर काढली.

"उद्या सकाळी सहाला ये, पोरा," ती म्हणाली. "घोडी आणू नकोस."