मोकळी गाडी

रुपालीची जुनी पिकअप भरलेली असली की नीट थांबायची. मोकळी असली की ब्रेक मारताच मागची चाकं जाम होऊन फरफटायची. कर्जतच्या गॅरेजात कानिफनाथनं मागचे दोन्ही ड्रम उघडून पाहिले. ब्रेकचे लायनर नवे होते, तेलाची गळती कुठंच नव्हती. चाकं परत चढवून भर दुपारी तो पाठीवर सरपटत गाडीखाली शिरला.

मागच्या स्प्रिंगचे पाटे ओझ्याखाली दबावेत तसे पार सपाट झाले होते. ओझं जोखून ब्रेकचा जोर वाढवणारा दांडा वर चढला होता, जणू टनभर माल भरलाय.

"ताई, माल उतरवला न्हाई व्हय?"

"मोकळी हाय की, भाऊ. कांदा सकाळीच उतरवलाय."

मोकळीच होती, त्यानं स्वतः फाळकं उघडून पाहिलं होतं.

तेवढ्यात पाटे करकरले आणि गाडी बोटभर वर उठली. जरा थांबून पुन्हा बोटभर. एकेकानं खाली पाय टाकावा, तशी.

कानिफनाथनं मान वळवून बाहेर पाहिलं. त्याला फक्त रुपालीच्या चपला दिसत होत्या. त्या हळूहळू मागं सरकत होत्या.

"ताई, काय झालं?"

तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"भाऊ, बाहेर येऊ नका. अजून उतरत्यात."