आग्याला घास घालणारी

"तुझ्या पोरीला पुढे आण, चंद्रे," भुयाराच्या दारापाशी इनामदार म्हणाले. "आग्याने गावाच्या गंज्या जाळल्या. त्याला आता माणूस हवं."

आग्या म्हणजे किल्ल्याखाली राहणारा पंखांचा साप. त्याच्या श्वासाने दगड काळे पडायचे. त्याला रोज बोकड घालायचं काम गावाने चंद्रीवर टाकलं होतं, कारण दुसरं कोणी या दाराशी यायला धजत नव्हतं. तेवीस वर्षं ती एकटीच घालत होती, आणि हाताला त्याचा वास येतो म्हणून तिला विहिरीवर बंदी होती.

"तुमची मुलगी का नाही, मालक?"

"तोंड सांभाळ! ती कुलीन घरची आहे."

"मग त्याला पचणार नाही होय?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. इनामदारांनी संतापून पोरीचा दंड धरला आणि तिला दाराकडे ओढलं. चंद्री रडली नाही, पाया पडली नाही. तिने स्वतःच अडसर काढून फेकला.

गरम वारा बाहेर आला, मागोमाग ते प्रचंड डोकं आलं. गाव पळालं. इनामदार मागच्या मागे पडले. पोरीचा दंड सुटला. आग्याने चंद्रीचा हात हुंगला आणि तिच्या पुढ्यात गप मान टेकली.

"तेवीस वर्षांत तुमच्यापैकी एकानेही याला घास घातला नाही," चंद्री त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली. "हा माझ्याशिवाय कुणाला ओळखत नाही. आणि आज मी याला अजून काही घातलेलं नाही. मागा आता माझी पोर."