हिरवी खूण

"शिंप्याची बायको परत आलीय. थेट अतिदक्षता विभागात," नर्सताईंनी मास्तरांना जिन्यातच सांगितलं.

मास्तर म्हणजे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. तिचा रिपोर्ट परवा त्यांनीच दिला होता. रक्ताच्या साध्या, रोजच्या तपासणीतल्या आकड्यांवरून पुढे कुणाची तब्येत ढासळेल याचा अंदाज संगणक काढायचा आणि रिपोर्टवर खूण करायचा: लाल, पिवळी नाहीतर हिरवी. तिला हिरवी मिळाली. डॉक्टरांनी घरी सोडलं. घरी तिच्या नाकातून रक्त सुटलं, ते थांबेचना.

शिंपी अतिदक्षता विभागाच्या दाराशीच बसला होता. मास्तरांना बघून बिचारा उठून उभा राहिला. "तुमचा रिपोर्ट तर चांगला होता हो, मास्तर."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक कुणाची, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रोज सकाळी कंपनीच्या सीलबंद बाटलीतलं रक्त लावून पेशी मोजणारं मशीन तपासायचं, असा नियम. पण मास्तरांची ऐटच न्यारी! "बाटलीतलं शिळं रक्त काय सांगणार, कप्पाळ?" ते एका ठणठणीत माणसाचं ताजं रक्त लावायचे. अकरा वर्षं तोच माणूस, त्याच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, अडीच लाख, ठरलेल्या. गेले दोन महिने मात्र मशीन रोज थोडं थोडं कमी दाखवायला लागलं. मास्तरही मशीनचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकवत गेले, अडीच लाख येईपर्यंत. कुणाला विचारलं नाही. मास्तर आणि विचारणार? छे!

सगळ्यांचेच आकडे फुगत गेले. शिंप्याच्या बायकोचेही.

मास्तर तडक मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. मान वर होईना. "मॅडम, मशीन बिघडलंय आणि मी ते झाकून ठेवलं. त्या बाईचं जे झालं ते माझ्यामुळे."

बाईंनी आधी फोन लावून कंपनीचा इंजिनिअर बोलावला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, मास्तर," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी कंपनीचा इंजिनिअर आला. मास्तरांनी बदललेलं सगळं त्यानं पूर्ववत केलं, सीलबंद बाटली तीनदा लावली, मग सकाळच्या रक्ताच्या सगळ्या नळ्या पुन्हा लावल्या. मास्तर अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखे कोपऱ्यात उभे होते. डॉक्टरीणबाई आत आल्या. "रक्त थांबलं. वाचेल ती."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. शरम काही केल्या पुसली जाईना.

"पण मॅडम, मशीन बिघडलेलं नाही," इंजिनिअर म्हणाला. "कधीच नव्हतं."

"असं कसं? रोज कमी दाखवत होतं ना!" मास्तर पुढे झाले.

"खरं तेच दाखवत होतं." त्यानं सकाळची पहिली नळी उचलली. "तुमच्या ठणठणीत माणसाच्या प्लेटलेट्स पन्नास हजारांवर आल्यात. पांढऱ्या पेशीही भलत्याच वाढल्यात. खूण लाल."

"अहो, मग बोलवा त्याला आधी!" बाई फोनकडे वळल्या. "कोण आहे तो, मास्तर?"

मास्तरांनी डावी बाही वर सारली. कोपराच्या खोबणीत सकाळी सुई टोचल्याची खूण होती आणि तिच्याभोवती भलामोठा निळाजांभळा डाग.